एकशे तेरा वेळा ‘ट्राय करतो’

वहिनी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेत, हे त्यांच्या घरातला फ्रिज उघडला की कुणालाही कळायचं. उरलेल्या भाजीच्या डब्यावर चिठ्ठी असायची : तारीख, वेळ, भरणाऱ्याची सही. चिरून ठेवलेल्या अर्ध्या लिंबालाही यातून सूट नव्हती. त्यांचा नवरा म्हणायचा, “मी फ्रिजसमोर फार वेळ उभा राहत नाही. माझ्यावर चिठ्ठी लागली तर शिळा ठरायचो.”

त्यांना सगळी बिल्डिंग वहिनी म्हणायची, अगदी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही. स्वभाव शांत, बोलणं मोजकं, आणि जे बोलतील ते मोजूनमापून. अशा माणसाकडून आयुष्यात गडबड होत नाही असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गडबड होते, फक्त ती व्यवस्थित, तक्त्यात मांडून होते.

तर झालं असं, की वहिनींच्या सासूबाईंनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी हा वर्ग भरायचा. सहा महिने झाले आणि तोंडी परीक्षा जाहीर झाली. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावर इंग्रजीतलं एक साधंसं क्रियापद, आणि त्याचे अर्थ व रोजचे उपयोग यांवर तीन मिनिटं बोलायचं. पास झाला तो वरच्या वर्गात, गैरहजर राहिला तो नापास. सासूबाईंच्या चिठ्ठीवर निघालं ‘ट्राय’.

“सोपं आहे,” नवरा म्हणाला. “ट्राय म्हणजे प्रयत्न करणे. झालं की.”

“तुझं तीन सेकंदांत झालं,” सासूबाई म्हणाल्या. “उरलेल्या वेळात काय नाचू?”

सासूबाईंना ही परीक्षा गमतीची नव्हती. सातवीची वार्षिक परीक्षा आठ दिवसांवर असताना त्यांच्या वडिलांची बदली झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. नंतर त्यांनी तीन मुलांचे, पाच नातवंडांचे निकाल आणले, सह्या केल्या, पाठीवर हात ठेवले, प्रसंगी धपाटेही घातले. “पण शाळा सुटल्यापासून माझ्या नावाचा निकाल एकदाही लागला नाही गं,” असं त्या एकदा भाजी निवडताना सहज म्हणाल्या होत्या. वहिनींनी ते ऐकलं आणि, सवयीप्रमाणे, लक्षात ठेवलं.

चिठ्ठी घेऊन सासूबाई ज्या दुपारी घरी आल्या, त्याच संध्याकाळी लिफ्ट बंद पडली.

घर चौथ्या मजल्यावर. पायऱ्या बहात्तर, वहिनींनी मोजलेल्या आहेत. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलेला. परीक्षा तीन आठवड्यांनी, गुरुवारी, सकाळी अकराला. तेवढ्यात लिफ्ट होईलच, असं सगळे म्हणाले. लिफ्टचा मेकॅनिक आला, त्याने मजल्यांमधली दारं उघडून आत टॉर्च मारला आणि तो म्हणाला, “पार्ट गेलाय. उद्यापर्यंत ट्राय करतो.”

सासूबाई खुर्ची घेऊन दारातच बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे वळून विचारलं, “हा प्रयत्न करणार म्हणतोय, की येणार नाही म्हणतोय?”

इतका नेमका प्रश्न वहिनींना प्रयोगशाळेतसुद्धा वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. त्यावर त्या जे म्हणाल्या, तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

“आई, एका नमुन्यावरून सांगता येत नाही. नमुने गोळा करावे लागतील.”

वहिनींनी एक दोनशे पानी वही काढली, तिला खाकी कव्हर घातलं आणि रकाने आखले. प्रयोगशाळेत नदीच्या पाण्याची बाटली येते तेव्हा तिच्याबरोबर एक तक्ता येतो, तोच त्यांनी इथे आणला : नमुना क्रमांक, तारीख, ठिकाण, वेळ, नमुना देणारी व्यक्ती, प्रत्यक्ष शब्द, साक्षीदार. त्यात शेवटी दोन रकाने वाढवले. एक ‘देणाऱ्याची सही (शक्य असल्यास)’ आणि दुसरा ‘परिणाम’. नमुना घेतल्यापासून ठरावीक मुदतीने मागे वळून बघायचं, की ट्राय करतो म्हणालेल्या माणसाने पुढे केलं काय. आपण एवढं करतोय ते तीन मिनिटांच्या भाषणासाठी, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण अर्धवट नमुना घेण्यापेक्षा न घेतलेला बरा, हे त्यांच्या खात्यातलं पहिलं वाक्य आहे.

सासूबाईंना काम आवडलं. जिना उतरता येत नव्हता, पण जिना ऐकू येत होता. चौथ्या मजल्याच्या दारात खुर्ची टाकून बसलं, की बिल्डिंगमधलं निम्मं आयुष्य पायऱ्यांवरून चढून वर येतं. आणि लिफ्ट बंद असल्यामुळे ते धापा टाकत, सावकाश, नीट लिहून घेता येईल अशा वेगाने येतं. दिवसा सासूबाई लिहायच्या, संध्याकाळी वहिनी वर्गवारी करायच्या.

दहा दिवसांत चित्र स्पष्ट व्हायला लागलं. सर्वांत मोठा गट होता ‘अ’ : समोरच्याला न दुखवता ‘नाही’ म्हणणे. “यायचं ट्राय करते”, “बघतो, ट्राय करू”, “सांगायचं ट्राय करतो त्याला”. या गटात एकसष्ट नमुने जमा झाले आणि त्यांपैकी दोनच फळाला आले, त्यातला एक अपघाताने. ‘ब’ गट चवीचा, “सूप ट्राय करून बघा”. यात नकाराला जागा नसते, चमचा तोंडापर्यंत आलेला असतो. ‘क’ गट कपड्यांचा. ‘ड’ गट फोनचा, “तुम्हाला दोनदा ट्राय केला, लागला नाही”. यातल्या अकरापैकी नऊ वेळा फोनवर कुणाचा फोन येऊन गेल्याची खूणसुद्धा नव्हती, हे वहिनींनी तपासून लिहिलं. आणि ‘इ’ गट, म्हणजे खरोखरचा प्रयत्न : एकूण चार. त्यातलाही एक दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा महिन्यांच्या मुलीचा होता. ती स्वतः काही म्हणाली नव्हती. ती उभी राहून पडत होती आणि तिची आई म्हणत होती, “ट्राय करतेय.”

“म्हणजे जे खरंच करतात ते बोलत नाहीत,” सासूबाई म्हणाल्या.

“चार नमुन्यांवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही, आई.”

“तू नको काढू. मी काढते.”

इकडे परीक्षा जवळ येत होती आणि लिफ्ट जागची हलत नव्हती. मेकॅनिक एक दिवसाआड यायचा, टॉर्च मारायचा, ट्राय करतो म्हणायचा आणि जायचा. शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना मात्र खंड नव्हता. समोरच्या काकूंचं म्हणणं, खुर्चीत बसवून चौघांनी आजींना उचलून न्यावं. चौघं कोण, यावर त्यांनी स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी लगेच कमरेला हात लावून आपण कमरेचे जुने रुग्ण असल्याचं सगळ्यांच्या निदर्शनास आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बहात्तर पायऱ्या बसून, एकेक करत उतरण्याची पद्धत सांगितली आणि करून दाखवताना चौदाव्या पायरीवर त्यांची पँट उसवली.

वहिनींनी वाचनालयात जाऊन परीक्षा घरी किंवा फोनवर घेता येईल का, ते विचारलं. तिथल्या क्लार्कने अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, ‘अनुपस्थितीचे अपरिहार्य कारण’, आणि त्यापुढे निवडायला तीनच कारणं छापलेली : आजारपण, घरातील मृत्यू, पूर.

“लिफ्ट बंद आहे,” वहिनी म्हणाल्या.

“ते यात नाही,” क्लार्क म्हणाला. “यातलं एक निवडा.”

वहिनी खोटं लिहू शकत नाहीत. त्यांचा हातच थांबतो. त्यांनी अर्ज तसाच घरी आणला. नवऱ्याने तो वाचला आणि गंभीरपणे म्हणाला, “घरातल्या मृत्यूसाठी मी तयार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“पूर घाला,” आतून सासूबाई म्हणाल्या. “चौथ्या मजल्यापर्यंत आला म्हणावं.”

बिल्डिंगचे सेक्रेटरी रजिस्टर सांभाळणारे, निवृत्त, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते. त्यांनी लिफ्टच्या कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, करारात कलम आहे : एकाच बिघाडासाठी मेकॅनिकच्या तीन भेटी फुकट गेल्या, तर दुसऱ्या दिवशी इंजिनिअर पार्ट घेऊन येतो. पण त्या भेटींची नोंद हवी, तारखेसह, मेकॅनिकच्या सहीची. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, त्याचं भेटींचं पुस्तक संपलंय, नवीन आलं नाही. कंपनीच्या लेखी तो एकदाही आलेला नव्हता, आणि त्यामुळे लिफ्टही बंद नव्हती. सासूबाई अर्थातच चौथ्या मजल्यावरच होत्या.

शेवटी परीक्षेआधीच्या रविवारी सेक्रेटरींनी निरोप धाडला, की वहिनींनी ज्या वहीत लिफ्टच्या तक्रार अर्जाचा मसुदा लिहिला होता, ती वही पाठवा. वहिनी बाहेर गेल्या होत्या. घरात त्यांचा नवरा होता.

त्या घरात सगळ्याच वह्यांना खाकी कव्हर असतं.

सोमवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या तळमजल्यावर तातडीची सभा असल्याची सूचना लागली. विषय म्हणून फक्त ‘वही’ एवढंच लिहिलं होतं. वहिनींनी ते वाचलं, घरात येऊन कपाट पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“वही द्या म्हणाले, वही दिली,” नवरा म्हणाला. “माझ्यावर सतरा नोंदी आहेत त्यात. मी ती कुणाला देईन तरी का, जाणूनबुजून?”

सभेला एवढी माणसं पूर्वी कधी आली नव्हती. सेक्रेटरी टेबलामागे उभे होते, कान लाल. “आपल्यातल्या एका सभासदाने,” ते म्हणाले, “आपल्या सर्वांवर पाळत ठेवली आहे. वेळेसकट. मी नाव घेत नाही.” पस्तीस माना एकदम वहिनींकडे वळल्या.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, मधल्या एका पानापासून. “नमुना सव्वीस. ठिकाण : जिना, तिसरा आणि चौथा मजला यांच्यामध्ये. वेळ : सहा वाजून दहा मिनिटे. देणारी व्यक्ती : समोरच्या काकू. शब्द : ‘तुमचा स्टीलचा डबा उद्या परत द्यायचं ट्राय करते.’ परिणाम : तेरा दिवस झाले, डबा नाही. डब्यात आता बटणं आहेत.”

सभेत हशा पिकला. काकू बसल्या जागी ताठ झाल्या. “बटणं दिसली कशी?”

“तुम्हीच दाखवलीत, त्यातलं एक निळं बटण मला देताना,” वहिनी हळूच म्हणाल्या.

पुढचा नमुना कमरेच्या रुग्णाचा निघाला. त्यात काकांनी सकाळी फिरायला जायचं ट्राय करतो असं नऊ वेळा म्हटलेलं होतं, आणि परिणामाच्या रकान्यात ‘गॅलरीपर्यंत’ असं लिहिलं होतं. आता काकू हसल्या. अशी त्या सभेची रीतच पडून गेली : दुसऱ्याची नोंद आली की माणूस मांडीवर थाप मारून हसायचा, आणि आपली आली की पाळत, खाजगीपणा, संस्कार वगैरे शब्द काढायचा. वहिनींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तळमजल्याला दुभंगायला खाली काही नव्हतं.

“हे फक्त नमुने आहेत,” त्या म्हणाल्या. “कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. आईंच्या परीक्षेसाठी.”

“आम्ही काय पाणी आहोत?” काका म्हणाले. “बाटलीत भरून चिठ्ठी लावायला?”

“पाणी बरं,” नवरा मागून म्हणाला. “ते तुमच्यासारखं उलटून बोलत नाही. नमुना चाळीस ते छप्पन्न माझे आहेत. मी काही बोललो?”

सेक्रेटरींनी हात वर करून सभा शांत केली. “आता हे ऐका. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते. नमुना अठ्ठावन्न. ‘कंपनीशी आज पुन्हा बोलायचं ट्राय करतो.’ परिणाम : बोलले नाहीत. क्रिकेट पाहत होते. साक्षीदार : खिडकीतून सासूबाई.” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “आणि त्याच्या लगेच खाली नमुना एकोणसाठ, लिफ्टचा मेकॅनिक. वेळ साडेअकरा. ‘उद्या ट्राय करतो.’ परिणाम : आला नाही, परवा आला. साक्षीदार...”

ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वही डोळ्यांजवळ नेली.

“ही सही कुणाची?”

“त्याचीच,” वहिनी म्हणाल्या. “तो रकाना आहे ना, देणाऱ्याची सही, शक्य असल्यास. बाकी कुणाची मागायला आम्हाला संकोच वाटला. तो मात्र, आई म्हणतात, पुढे वही धरली की सही करतो. काय लिहिलंय ते बघत नाही. दर वेळी केली त्याने.”

“दर वेळी म्हणजे?”

“आठ भेटी झाल्या. आठ सह्या.”

काका सर्वांत आधी कमरेची आठवण न ठेवता उठले. सेक्रेटरींनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर ठेवला. कंपनीतली बाई म्हणाली, नोंद असेल तर सांगा. सेक्रेटरींनी तारीख सांगितली, वेळ सांगितली, साक्षीदार सांगितला, सही आहे म्हणाले, असं आठ वेळा केलं. पलीकडे टायपिंगचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“सर,” ती बाई म्हणाली, “मेकॅनिकचे शब्दसुद्धा लिहिलेत तुम्ही?”

“आम्ही,” सेक्रेटरी छाती काढून म्हणाले, “सगळं लिहून ठेवतो.”

इंजिनिअर मंगळवारी आला. पार्ट बसायला बुधवारची सकाळ लागली. सासूबाईंनी लिफ्टमधून विनाकारण दोनदा वरखाली केलं आणि दोन्ही वेळा काकूंना हाक मारून सांगितलं. काकूंनी डबा परत दिला. त्यात बटणांऐवजी बिस्किटं होती आणि झाकणावर चिठ्ठी : तारीख, वेळ, सही.

वही परत द्यायला सेक्रेटरी स्वतः आले, बुधवारी, वहिनी कामावर निघायच्या आधी. “वहिनी, सोमवारी थोडं जास्त बोललो,” ते म्हणाले. मग जाता जाता वळून म्हणाले, “पहिलं पान मी मुद्दाम वाचलं नाही. सभेत.”

वहिनींना समजेना. पहिलं पान तर त्यांनी कोरं सोडलेलं होतं, शीर्षकासाठी. त्यांनी वही उघडली. कोऱ्या पानावर सासूबाईंनी वाकड्या ओळीत, पट्टी न लावता रकाने आखले होते.

*नमुना १. ठिकाण : स्वयंपाकघर. वेळ : सकाळ. देणारी व्यक्ती : सून. शब्द : “आई, परीक्षेच्या दिवशी रजा घेऊन तुमच्याबरोबर यायचं ट्राय करते.” साक्षीदार : मी. परिणाम :*

पुढे काही नव्हतं. बाकीच्या एकशे अकरा नोंदींचे परिणाम भरलेले होते. हा एकच रकाना रिकामा होता, आणि त्या नोंदीवर एक जुनी तारीख होती; चिठ्ठी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

वहिनी उभ्याच्या उभ्या राहिल्या. त्या हे बोलल्या होत्या. गॅसवर दूध होतं, नजर घड्याळावर होती, आणि त्या बोलल्या होत्या. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी सगळ्या बिल्डिंगच्या ‘ट्राय’चा पाठपुरावा केला, वर्गवारी केली, टक्केवारी काढली. रजेचा अर्ज तेवढा केला नव्हता. प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी गुरुवारीच होती, हे खरं. पण परिणामाच्या रकान्यात कारणं लिहायची नसतात, हा नियम त्यांचाच होता. गट कुठला, हेही त्यांना कुणी सांगायला नको होतं. ‘अ’.

त्या दिवशी प्रयोगशाळेत त्या रजेचा अर्ज लिहून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

“उद्या रजा?” साहेब म्हणाले. “उद्या तपासणी आहे, बाई. बारा वर्षांत तुम्ही रजा मागितली नाही, आणि मागितली ती उद्याची. बघतो. ट्राय करतो.”

वहिनींनी पर्समधून खाकी कव्हरची वही काढली, टेबलावर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि घड्याळ पाहिलं.

“नमुना एकशे तेरा,” त्या म्हणाल्या. “ठिकाण, केबिन. दहा वाजून चाळीस मिनिटं. साहेब, इथे सही कराल का? शक्य असल्यास.”

साहेबांनी वही स्वतःकडे वळवून घेतली. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं. कमरेच्या काकांपाशी त्यांचा ओठ हलला. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

“इथे काय लिहिणार तुम्ही?”

“ते अजून माहीत नाही, साहेब. जे होईल ते.”

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मग सही केली; पण वहीत नाही, अर्जावर. “तपासणीची कागदपत्रं कुठे आहेत तेवढं सांगून जा.”

“कपाट दोन, कप्पा तीन. चिठ्ठी लावलेली आहे.”

“लावलेली असणारच,” साहेब म्हणाले.

गुरुवारी वाचनालयाच्या हॉलबाहेर बाकावर वहिनी सासूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. मुलांच्या परीक्षांना सासूबाई अशाच बाहेर बसायच्या. आत जायची वेळ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती. नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या, पर्स सुनेच्या मांडीवर ठेवली आणि गेल्या.

दार नीट लागलेलं नव्हतं. आतून आवाज येत होता, आधी बारीक, मग ठीकठाक. “माय नेबर ट्राइज टू रिटर्न माय बॉक्स. थर्टीन डेज. माय सन ट्राइज टू क्लीन द फॅन. द फॅन इज व्हेरी ओल्ड नाऊ.” कुणीतरी खुर्ची पुढे ओढल्यासारखा आवाज झाला. “आय ट्राय द स्टेअर्स. माय नी डझ नॉट ट्राय.” आत परीक्षक मॅडम हसल्या, बाहेर वहिनींनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तीन मिनिटांची सहा झाली, कुणी थांबवलं नाही.

शेवटी परीक्षक मॅडमनी मराठीत विचारलं, “आजी, वरच्या वर्गाला येणार ना? आठवड्यातून तीन दिवस असतो.”

“येणार,” सासूबाई म्हणाल्या.

निकाल लगेच हातात मिळाला. साधा कागद, वर सासूबाईंचं पूर्ण नाव, खाली शिक्का. सासूबाईंनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती, पण तीही नीट पाहिली. मग त्या म्हणाल्या, “वही आणली आहेस?”

वहिनींनी वही दिली. सासूबाईंनी पहिलं पान उघडलं, पेन मागून घेतलं आणि बाकावर वही टेकवून सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर कव्हर मिटलं आणि कागद आत ठेवला, दुमडू नये म्हणून.

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटण सासूबाईंनीच दाबलं. घरी पोचल्यावर वहिनींनी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत वही उघडून पाहिली.

*परिणाम : आली. (दहा मिनिटं आधी.)*